कल

घाटल्यात रेशन दुकानाच्या डोक्यावर आमचा वर्ग,
सात ते नऊ. हजेरी संपेपर्यंत
ट्यूबलाइट नुसती फडफडते.
मी पेंडसे. अक्षरं मी शिकवते,
कौशल्यं दुसरे लोक, नोकऱ्या तिसरे,
आणि फॉर्म फिरून माझ्याकडे येतात.

फॉर्मात अकरावा रकाना: कल.
उमेदवाराचा कल कुणीकडे ते त्याला विचारून लिहावे,
असं खाली बारीक अक्षरात छापलंय.
विचारावं लागत नाही.
ऑफिसातून यादी येते पेन्सिलीनं भरलेली,
मी तिच्यावरून शाई फिरवते.

लालरिनपुईसमोर 'ब्यूटी पार्लर'.
आयझॉलला बापाच्या वर्कशॉपात
ती जीपचा गिअरबॉक्स उतरवायची,
हे तिनं मला जिन्यात सांगितलं. रकाना लहान होता.
याकूब सिद्दीसमोर 'बाउन्सर'.
तो मुरूडचा. मुलाखतीत साहेबांनी त्याला
हळूहळू, हिंदीत, हातवारे करून देश विचारला.
'रायगड,' तो म्हणाला.

कचेरी भोसलेसमोर 'हाउसकीपिंग'.

कचेरी हे तिचं नाव.
बाप आत होता, आई जामिनासाठी बाहेर,
तिथंच पायरीवर ही झाली.
आम्हा पारध्यांत असंच ठेवतात, म्हणाली,
जागा ध्यानात ऱ्हावी म्हणून.
मी तिला क दिला, च ला मात्रा,
र ला दुसरी वेलांटी.
दुसऱ्या दिवशी ती कुर्ल्याला जाऊन आली
स्वतःचं नाव बोर्डावर वाचायला.
बोर्डावर 'कार्यालय' होतं.
अर्धा बोर्ड वाचला तिनं, तोही उलटा लागला तर नाही ना
म्हणून पुन्हा वाचला.
'पुसलं की हो मला,' म्हणाली.

सिक्युरिटीला घालू का तुला, मी एकदा विचारलं होतं,
नजर चांगली आहे तुझी.
'आमाला? राखणीला?'
ती इतकी हसली की मागची रांगही हसली,
न कळून.

दर तुकडीच्या शेवटी आम्ही अंगठा सोडतो.
म्हणजे शाईचं पॅड टोपलीत टाकायचं,
टाळ्या, फोटो, सामोसा.
कचेरीनं पॅड हातात घेऊन वास घेतला.
'तुमच्यात अंगठ्यावर भागतं.
ठाण्यात माझी दहाच्या दहा घेतली.
चौदाची होते.'
फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.

गुरुवारी पोछाचं प्रात्यक्षिक.
आठचा आकडा काढत मागे या, सर म्हणाले.
तिनं दारापासून आठ काढले, वहीतल्यापेक्षा सुबक,
आणि मध्येच थांबली.
पाणी बघत होती.
'बाई, कल म्हंजे उतारच ना?'
हो, तोही अर्थ आहे.
'मग रकान्यात माझा कशाला लिवता?
फरशीचा लिवा.
कुठूनबी ओता, पाणी आमच्याच बाकाखाली येतंय.'

बिल्डिंग जुनी आहे, सर म्हणाले.

सगळे गेल्यावर मी टेबलापाशी उभी राहून
पेल्यातलं पाणी सांडलं.
ते वळलं, दोन बाक ओलांडून कोपऱ्यात गेलं,
जिथं तिची रांग बसते.
अकरा वर्षं मी या जागेवर उभी आहे.
चप्पल कधी भिजली नाही.
मला वाटायचं, मी जपून चालते.

तिचा फॉर्म अजून माझ्या पिशवीत आहे.
पेन्सिल खोडताना कागद विरला जरा.
ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेला:
एक रकाना राहिलाय, मॅडम,
एवढा भरून टाका.