उसना उजेड

दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीत
सूर्य स्वतः कधी येत नाही.
तो समोरच्या पंचोलींकडे उतरतो,
त्यांच्या पांढऱ्या भिंतीला टेकतो
आणि तिथून आमच्याकडे निरोप धाडतो,
सव्वाचार ते साडेचार.
साखर, विरजण आणि हा उजेड,
उसनं सगळं त्यांच्याकडूनच.

तेवढ्यात उरकायचं.
खिडकीशी स्टूल, मागे धुतलेला पलंगपोस,
स्टुलावर कुमुदमावशी.
हयातीच्या दाखल्याला दर वर्षी
नवा फोटो लागतो.
"हसू?"
ऑफिसात चालत नसावं, मी म्हणतो,
हनुवटी जरा भिंतीकडे.
मोबाइलची काच सदऱ्याला पुसतो.
फ्लॅशमध्ये पुसली जाते ती सुरकुती
इथे आपल्या जागी येऊन बसते,
डोळ्याखालची, ओठाकडेची,
काकांच्या वेळची ती कपाळावरची.

यंदा पंचोलींनी भिंत पोपटी केली.
मुलाचं लग्न.
मावशी फोटोत हिरवी आली,
चष्मा, गाल, केसांतली चांदी, सगळी हिरवी.
मी चडफडत पडदा ओढला, सोडला,
पलंगपोस बदलला. हिरवीच.

ती फोन हातभर लांब धरून
बघत राहिली.
"अरे, कैरी झाले की मी!
हाच पाठव. हयात आहे म्हणजे
अजून पिकायची आहे."

मग उठली, खिडकीतून ओरडली,
"हंसाबेन, रंग सरस छे!"
आणि उरलेल्या दोन मिनिटांत
दिवा न लावता
चहा टाकला.