दहा मिलिसेकंद

मार्केट यार्डातल्या वजनकाट्याच्या खोलीत
खिळ्याला टांगलेला बोर्ड, सोळा एमबीचा,
गुळाच्या चिकट्यात दोन मुंग्या कायमच्या अडकलेल्या.
ट्रॉली चढली की आकडा ऐकायचा
आणि तारेतून ऑफिसात सांगायचा.
अठरा वर्षं एवढंच.

नवा कर्नल मी घातला. दुपारी.
पिंग गेलं, परत आलं, हजारात एकही हरवलं नाही.
सीरियलची वायर गुंडाळली, डबा खाल्ला, गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला शिकलगारांचा फोन:
"मुकं झालंय."
मी पोचले तेव्हा दहा वाजलेले, आणि ते बोलत होतं.
"दुपारचं काय बघताय, बाई. सकाळी या की."

तर डिसेंबरात, पाच वाजता,
गंगावेशीतून स्कूटर काढली.
म्हशी धारेला उभ्या, त्यांच्या पाठीवर वाफ,
माझ्या पाठीवर लॅपटॉप.
स्विच टाकला. ओळी धावल्या
आणि एकीशी येऊन थांबल्या: लिंक नाही.
बंद करून लगेच चालू केलं: लिंक आहे.
म्हणजे गार असताना नाही.

बर्फ लावून बघू म्हटलं, तर शिकलगारांनी हात धरला.
"काट्यात पाणी गेलं तर वजन कोण भरून देणार?"

जुन्या आणि नव्या कर्नलच्या मधे
ड्रायव्हरचे दोनशे अकरा बदल.
मधोमध तोडायचं, अर्धं टाकायचं, पुन्हा मधोमध.
एरवी दुपारभराचं काम,
पण बोर्ड गार व्हायला अख्खी रात्र लागते.
एका पहाटेला एकच प्रश्न. आठ पहाटा.
चौथ्या दिवशी मी चुकीची फाइल चढवली,
म्हणून नऊ.

उरली एक ओळ, कुणीतरी काढून टाकलेली:
रीसेटनंतर दहा मिलिसेकंद थांब.
काढणाऱ्यानं लिहिलं होतं, कारण सापडत नाही.
खोटं नव्हतं ते.
जिनं किंवा ज्यानं ती घातली, त्यांनीही लिहिलं नव्हतं.
कुठल्या टेबलाशी, कुठल्या गारठ्यात बोटं फुंकत
हा आकडा हाती लागला असेल,
आणि घरी जायची घाई असेल.

शिकलगारांना सांगितलं: आतला क्रिस्टल
थंडीत उशिरा थरथरायला लागतो,
आणि आपण त्याआधीच हाक मारतोय.
"मग? म्हातारं माणूस
उठल्या उठल्या बोलतंय व्हय?"

ओळ परत घातली. वर कारण लिहिलं, दोन वाक्यांत.
तिसरं त्यांचं लिहिलं, मग खोडलं.
दहाव्या पहाटे लिंक आली.
खाली माझं नाव, बोर्डाचा नंबर,
खोलीतलं तापमान: तेरा.

बाहेर ट्रॉली काट्यावर चढून उभी,
रव्यांवर ओलं गोणपाट,
आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून:
"झालं का हो तुमचं?"