उसनवारी

आइसलंडच्या या पश्चिमेकडच्या खाडीत
माणूस गेलं की आधी पाद्र्याला फोन जातो,
मग मला.
मासळीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मी कॉड सोलले,
पण गावाला माझा हात ठाऊक आहे तो वेगळ्याच कामासाठी :
"स्टेनव्हर, तू चार ओळी लिही ना,
तुला जमतं. खाली नाव आमचं घाल."

मग शनिवारच्या पेपरात
नातू आजीला निरोप देतो माझ्या शब्दांत,
सुना सासऱ्यांना माफ करतात.
बदल्यात येतं कधी मेंढीचं तंगडं,
कधी रुबार्बच्या मुरंब्याची बरणी,
एकदा तर बर्फ उपसायचं फावडं, तेही वापरलेलं.
"लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस," बहीण म्हणायची.
तिच्यावरचा लेखही शेवटी मीच लिहिला,
तिच्या नवऱ्याच्या नावाने.

कपाटात, टेबलक्लॉथच्या घडीखाली, एक निळी वही आहे.
पहिल्या पानावर भावाचं नाव, उल्फार,
आणि त्याची बोट परतली नाही त्या रात्रीची तारीख.
त्याखाली एकेचाळीस वर्षं कोरी.

वेळ नव्हता, असं मी सांगायचे.
गेल्या हिवाळ्यात बसले एकदाची पेन घेऊन,
आणि पाहते तर
सगळं आधीच छापून आलेलं!
समोरचा दात तुटल्यावरचं त्याचं हसू
मी बँकेतल्या साहेबाच्या काकाला देऊन टाकलं होतं.
दोरखंडाला गाठ मारताना जीभ बाहेर काढणं
शाळेच्या शिपायाला.
वादळाला तो 'म्हातारीची शिंक' म्हणायचा,
ते गेलं अशा एका बाईला
जी जन्मात कधी बोटीत बसली नव्हती.
लोक रडले होते वाचून.
"अगदी अश्शीच होती," म्हणाले.

उल्फार, तुझा एकेक चिरा काढून
मी परक्या थडग्यांची डागडुजी केली.

काल केटिल आला. त्याची बायको मंगळवारी गेली.
टोपी हातात, बुटांवर बर्फ, दारातच उभा.
साठ वर्षांचा शेजार. नाही कसं म्हणणार?
म्हटलं, "बस. लिहीन.
पण आधी माझं पान."
त्याला कळलं नाही. मलाही तितकंसं नाही.

सकाळचे नऊ, बाहेर अजून रात्रच.
केटिलने कॉफी ओतून घेतली, मग दुसरी,
मग उठून माझे कप विसळले,
कालची कढईही घासली.
घड्याळाकडे एकदा पाहिलं, बोलला नाही.

मी शोधत होते,
कुणालाच दिलं नाही असं काही.
मोठं काहीच उरलं नव्हतं.
शेवटी सापडलं ते हे :
त्याच्या उजव्या बुटात नेहमी खडा असायचा.
कुठून यायचा कुणास ठाऊक.
जेवताना, चर्चमध्ये, आईला पुरताना सुद्धा
तो वाकून बूट काढायचा, झटकायचा,
आणि खडा खिशात ठेवायचा.
का ठेवायचा, हे मी कधी विचारलं नाही.

एवढंच लिहिलं. सुंदर नाही.
पेपरात हे कुणी छापणार नाही,
आणि छापायला मी देणारही नाही.
खाली नाव घातलं, माझं.
सवय नसल्यासारखा हात
शेवटच्या अक्षरावर जरा अडला.

मग वही मिटून नवा कागद घेतला.
"सांग आता तिचं," मी केटिलला म्हटलं,
"पण तिचंच सांग. उसनं द्यायला
माझ्याकडे आता काही नाही."

तो बराच वेळ ओला कप पुसत राहिला.
"ती," म्हणाला, "मीठ फार घालायची."