ठिगळ

ताक्वारेम्बोला जूनमध्ये हाडं गोठतात.
हे आधीच सांगते, कारण विल्मार बुर्गेन्योच्या दुकानात हीटर नाही,
आणि मेजावरचे अकरा लॅपटॉप
एकमेकांना ऊब देतात, असं तो म्हणतो.

शाळेनं टाकलेले. कंपनीचं पत्र आलं होतं:
यापुढे या यंत्रांसाठी आमच्याकडून काही येणार नाही.
पत्रात कुठेही 'मेली' हा शब्द नव्हता.
विल्मारनं पेनड्राइव्ह खोचला.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी मुंग्यांसारख्या चढल्या
आणि दहा उठून बसले.
अकरावाही उठला,
पण बोट फिरवलं की बाण हलेना.

ही फुकटची प्रणाली, विल्मार सांगतो,
मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय,
पुढच्या वर्षी घराघरांत येणार.
हसतो. नळीनं येर्बा माते ओढतो.
तशी ती आलीच आहे, मागच्या दारानं:
बँकेत, इस्पितळात, हवामान खात्यात,
मोंतेविदेओच्या त्या रात्रभर गुरगुरणाऱ्या खोल्यांत
जिथे एक सर्व्हर चौदाशे दिवस झोपलेला नाही
आणि कुणी त्याला नाव विचारलेलं नाही.
पुढच्या दाराशी मात्र अजून घंटी वाजवत उभी.

त्याची भाची आब्रिल, वय पंधरा,
अकराव्याजवळ तीन संध्याकाळी बसून राहिली.
फाइल सापडली. ओलोमोउत्सच्या कुणा ओताकारची,
सहा वर्षांत न उघडलेली.
माथ्यावर त्यानंच लिहून ठेवलेलं:
हे का चालतं मला नीट कळलेलं नाही.
चालतंय. हात लावू नका.

आब्रिलनं हात लावला.
एक ओळ. बोटभर ठिगळ म्हणा.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार,
असं माझी भाषा विचारते.
इथे आभाळच ठिगळांचं,
आणि टाके घालणारे एकमेकांचं तोंडही न पाहिलेले.

पाचव्या दिवशी उत्तर आलं.
मिळालं. बरोबर आहे.
माझे डोळे आता साथ देत नाहीत.
ही फाइल तू सांभाळशील का?

उद्या तिचा भूगोलाचा पेपर आहे.
ती मामाकडे बघते.
मामा थर्मासमधलं पाणी ओततो, बोलत काहीच नाही.

दारात कुणीतरी बारावा घेऊन आलंय,
बिजागरी तुटलेला,
सुतळीनं बांधलेला.