पुरवणी

गंगाबाई घाटावर नोंद करणाऱ्यानं विचारलं, धंदा?
मी म्हटलं, गणित.
त्यानं मान वर न करता लिहिलं.

उद्धवराव सोनकुसरे, वय एक्क्याऐंशी,
राहणार तांडापेठ, नाईक तलावामागची गल्ली,
जिथे मागाचा खटका आता
एखाद्याच घरातून येतो.

आई मेयोत रात्रपाळीला असायची,
तेव्हा माझ्या वेण्या बाबा घालायचे.
फुटपट्टी लावून भांग, केसांचे तीन समान भाग,
आणि कानामागे एखादी बट उरलीच
तर म्हणायचे, "बाकी एक.
बाकीला हसायचं नसते, बाई."

शाळेत मात्र मी रोल नंबर एक्केचाळीस.
सातवीत एकदा फळ्यापाशी खडू मागताना
तोंडून निसटलं, "बाबा".
वर्ग खदखदला.
"काऊन हसून राहिले बे?
उत्तर बरोबर आहे तिचं."
दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग त्यांना बाबा म्हणू लागला.
मला इतका राग आला
की आठवडाभर मी घरी त्यांना सर म्हटलं.
"सर, वरण वाढू?"
"वाढा, एक्केचाळीस."

त्याच वर्षीचा एप्रिल.
कूलरच्या ताटीत नवा वाळा, समोर पेपरांचा गठ्ठा,
हातात लाल पेन आणि बाबांना डुलकी.
टाकीची नळी निसटली.
जाग आली तेव्हा बेचाळीस पोरांची शाई
फरशीवरून देवघराकडे निघाली होती.

पेपर दोरीवर वाळत घातले, बनियनांच्या शेजारी.
सदतीस वाचता आले.
उरलेल्या पाचांसाठी सायकल काढली,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
पोरं दाराआड लपली.
नापासाची बातमी मास्तर स्वतः घेऊन आला म्हणून
एकाचा बाप माग थांबवून पट्टा शोधू लागला.
बाबा त्या मागाच्या खड्ड्याच्या काठावरच बसले.
"याची चूक नाही जी. माझा कूलर गळला.
पाचवं गणित याच्याकडून पुन्हा ऐकायला आलो."

राहिली एक पुरवणी.
दोरा सुटलेली, नंबर विरघळलेला,
एकच गणित, तेही अर्धंच दिसणारं.
निकालाच्या सकाळी वर्गात धरून विचारलं, "कोणाची?"
पाच मार्क फुकटचे कोण सोडतो!
एक्केचाळीस हात वर.

एक खाली होता.
मी खिडकीतून सायकलींकडे बघत होते.
मास्तरनं आपल्याच पोरीला वाढवून दिले
असं कोणी म्हणू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

बाबांनी सगळ्यांना पाच-पाच दिले.
हेडमास्तरांचा मेमो आला, तो त्यांनी
किराण्याच्या यादीसाठी पाठकोरा वापरला.
सगळ्यांना म्हणजे, हात वर केलेल्या सगळ्यांना.

घाटावर आज साठीतले, टक्कल पडलेले पुरुष
"बाबा गेले" म्हणत रुमाल शोधत होते.
एकजण म्हणाला, ती पुरवणी माझी होती बरं.
दुसरा म्हणाला, गप बे, माझी.
तिथेही हसू फुटलं.

आता ट्रंक उघडली आहे.
आईच्या जुन्या टोप्या, विम्याच्या पावत्या,
माझ्या पहिल्या पगाराचं पाकीट, न फोडलेलं,
आणि त्याच्याखाली ती.
पाण्यानं फुगून मग वाळलेली, पापडासारखी.
सातावरची ती आडवी रेघ
मला लगेच ओळखू आली.
ती रेघ त्यांनीच शिकवली होती,
एकाशी गोंधळ नको म्हणून.

समासात पेन्सिलीनं, बारीक:
"रीत बरोबर. हात वर नाही.
आईवर गेली."

आई दारात येऊन उभी राहिली, काठी टेकत.
"वरचं काही काढायचं आहे का गं?
हात काऊन असा?"
काही नाही म्हटलं.
आणि तसाच ठेवला थोडा वेळ.