हात वर

मंगळवारी आणि शुक्रवारी, अकराला,
मासळीच्या लिलावघरावरच्या खोलीत
आम्ही सातजणी टीव्हीकडे तोंड करून उभ्या राहतो,
जणू तोच आमचा फोटो काढणार आहे.
खाली बर्फ फोडल्याचा आवाज.
वर इरिया, दवाखान्यातली पोर, गुडघ्यांवर बसून
तारा जोडतेय.
यंत्र औषधवाल्याच्या नातवाचं.
तो झुरिकला गेला, हे इथंच राहिलं.
आमच्यासारखं.

पडद्यावर बाहुली येते. नाक नाही, तोंड नाही.
"ही तुम्ही," इरिया सांगते.
"मी?" ओब्दुलिया जवळ जाऊन बघते.
"हिची कंबर तर अजून शाबूत आहे."

मग वरून सफरचंदं पडायला लागतात.
हात उंचावून झेलायची. झेललं की टिंग.
"हात वर, एर्मितास! अजून वर!"

कसे करू, पोरी?
अठ्ठेचाळीस वर्षं आरोसाच्या खाडीत
ओहोटीमागे चालत गेले,
दाताळं ओढलं, तिसऱ्या उपसल्या,
बादली भरली, की दुसरी बादली.
नवरा गेला त्या आठवड्यातही
मी हात वर केले नाहीत.
केले असते तर खाल्लं काय असतं?
या खांद्यांना वरचा रस्ता ठाऊकच नाही.
आभाळसुद्धा मी पाहिलं ते पायांशी,
वीतभर पाण्यात, चुरगळलेलं,
आणि त्यावरच बूट ठेवून पुढं गेले.

ओब्दुलिया जाळी विणायची, धक्क्यावर, उन्हातान्हात.
नोव्हेंबरात तिच्या काळजाच्या नळीत
डॉक्टरांनी इवलीशी जाळी बसवली.
"गाठी नीट मारल्यात ना?" तिनं विचारलं म्हणे.
डॉक्टर तरुण होता, त्याला कळलं नाही.

दोरिंदा लबाड.
खुर्चीत बसून नुसतं मनगट हलवते
आणि टिंग, टिंग, टिंग, तिची टोपली सर्वांत आधी भरते.
यंत्र फसतं.
मनगटावरचा पट्टा मात्र फसत नाही.
त्यावर तिचा आकडा बहात्तर,
घरी बटाटे सोलताना असतो तेवढाच.
इरिया काही बोलत नाही, फक्त आकडा दाखवते.
दोरिंदा उठते. शिव्या देत, पण उठते.

आज माझा एकशे अठरा झाला.
मी घाबरले, खरं सांगते.
इतकं जोरात हे काळीज एकदाच धावलं होतं:
मार्च महिना, अचानक धुकं,
पाणी गुडघ्यावरून कमरेला आलेलं
आणि काठ कुठल्या बाजूला ते कळेना.
कुणीतरी किनाऱ्यावर डबा बडवत होतं,
त्या आवाजाच्या दिशेनं आले.
बादली सोडली नव्हती.

आणि आज हे धावतंय सफरचंदांसाठी!
तीही खरी नाहीत,
चावता येत नाहीत, विकता येत नाहीत,
वजनाला कुणी काट्यावर घेणार नाही.
काळजाला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.
"छान आहे," इरिया म्हणते, "धावू द्या त्याला."
घाम मानेवरून उतरतो,
या घामाचे पैसे कुणी देणार नाही,
आणि मला हसू येतं, मोठ्यानं,
ओब्दुलिया विचारते काय झालं,
काय सांगू?

तेवढ्यात इरियाचा फोन वाजतो.
ती एक बटण दाबते.
सफरचंदं आहेत तिथं थांबतात,
हवेत, लालभडक, अर्ध्या वाटेवर.

समुद्र असा कधीच थांबला नाही.
लेकरू तापानं फणफणलेलं असताना नाही,
पाठीत उसण भरली तेव्हा नाही,
वेळापत्रकात छापलेल्या मिनिटाला
तो परत यायचा म्हणजे यायचाच.

इरिया दाराबाहेर बोलत राहते.
खाली बर्फाचा आवाज बंद झालाय.
"खाली घ्यायचे का?" दोरिंदा कुजबुजते.
कुणीच घेत नाही.
बिनतोंडाच्या बाहुलीसमोर
आम्ही सातजणी, हात वर,
उभ्या.