टीप एकतीस

ताळेबंद मी शेवटून वाचते.
पुढच्या गुळगुळीत पानांवर अध्यक्षांचं मनोगत असतं,
हेल्मेट घातलेले हसरे कामगार,
ओंजळीत धरलेलं एखादं रोपटं.
खरं बोलतात त्या मागच्या टिपा,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
लग्नघरातल्या बोहारणीसारख्या:
हळू, आणि सगळे जेवायला गेल्यावर.

शेअर बाजारातली कंपनी निदान तीन महिन्यांनी
चव्हाट्यावर येते.
प्रायव्हेट लिमिटेडची झाकली मूठ.
निबंधकाच्या दप्तरात शंभर रुपये भरून
मी त्या मुठीची प्रत काढते.

परवा आली ती सातपूरची, ओतकामवाली.
उलाढाल सत्तर कोटी, कर्ज अठरा,
आणखी सहा हवेत.
येणी वसूल व्हायला एकशे चाळीस दिवस,
गेल्या साली ऐंशी लागत.
दोन वर्षांत दोन लेखापरीक्षकांचे राजीनामे,
दोघांनाही प्रकृतीचंच कारण.
आणि टीप एकतीस, संबंधित पक्षांशी व्यवहार:
संचालकांच्या मेव्हण्याची फर्म, गंगापूर रोड,
तिला विकलेला माल अकरा कोटींचा.

गेले.
दुसरा मजला, शेजारी दातांचा दवाखाना.
दाराला कुलूप. फटीतून आत सरकवलेली वीजबिलं,
एक अर्धं बाहेर राहिलेलं,
त्यावर युनिट शून्य.

कारखान्यात लहामगे साहेबांनी हिंडवून दाखवलं.
दोन भट्ट्या चालू, तिसरी मेंटेनन्सला.
तिसरीच्या धुराड्यात साळुंकीचं घरटं होतं,
पिल्लंसुद्धा केव्हाच उडून गेलेली.
मी वहीत लिहिलं: तिसरी, मेंटेनन्स.
पुढे एक छोटा पक्षी काढला.

गेटसमोर सुकदेव तुंगारची टपरी.
त्याची वही दुधानं आणि घामानं फुगलेली,
तिला परिशिष्ट नाही.
पैसे आले की रेघ, नाही आले तर नाही.
"तीन पाळ्या होत्या तेव्हा दोनशे दहा कप जायचे.
आता नव्वद. बिस्किटं तर बंदच."
फेब्रुवारीपासून एकही रेघ नव्हती.

"मॅडम, तुम्ही ब्यांकेच्या ना?
मग एक सांगा. अजून उधार देऊ का यांना?
एकेचाळीस हजार झालेत."

गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे,
पान सहा.
मी कपात बघत बसले, साय धरेपर्यंत.
मग दुसरा चहा मागितला
आणि दोन्हीचे वीस रुपये रोख ठेवले,
अगदी सावकाश, वहीच्या उघड्या पानावर.
नोट आपल्याच नाशिकरोडला छापलेली असेल.
त्यानं ती उजेडात धरून पाहिली नाही.
माझ्याकडे पाहिलं.
मग गॅस बारीक केला.

त्याला कळलं की नाही, ठाऊक नाही.

रात्री अहवाल लिहिला: रोखतेवर तीव्र ताण,
नवीन कर्जाची शिफारस नाही.
समिती बसणार गुरुवारी.
तोवर सहा दिवस, गुणिले नव्वद कप.
ही खोड काही जात नाही.

पुन्हा एकदा मागून पुढे चाळलं.
देण्यांच्या यादीत तळाशी 'इतर किरकोळ',
तिथेच कुठेतरी असेल तो, असला तर.
पानाच्या कोपऱ्यात तिरप्या अक्षरांत छापलंय:
सर्व आकडे कोटी रुपयांत.
मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले.
एकेचाळीस हजार म्हणजे तिथे
शून्य पूर्णांक शून्य शून्य.